वाळूच्या दगडात तेल राहते कुठे आणि वाहते कसे

कुठेतरी तेल सापडल्याची बातमी आली की तिच्यासोबत कोट्यवधी बॅरलचे आकडे येतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जमिनीखालचे एक काळे तळे उभे राहते. त्या तळ्यात नळी सोडायची आणि तेल उपसून घ्यायचे, एवढेच काम उरले आहे असे वाटते. पुढे कधीतरी कळते की या साठ्यातला जेमतेम तिसरा हिस्साच हाती लागेल, त्यासाठी शेकडो विहिरी खणाव्या लागतील आणि तेल वर काढण्यासाठी उलट पाणी खाली सोडावे लागेल. तेव्हा सामान्य वाचक चक्रावतो आणि त्यात त्याची काही चूक नाही. तळ्याचे चित्र मनात असेल तर यातल्या एकाही गोष्टीचा अर्थ लागत नाही.

जमिनीखाली असतो तो दगड, आणि तेल असते त्या दगडाच्या कणांमधल्या बारीक फटींत. मुंबई हाय या १९७४ साली सापडलेल्या क्षेत्रात हा दगड मुख्यतः चुनखडक आहे. आसाममधले दिग्बोई, गुजरातमधले अंकलेश्वर, कुवेतमधले बुरगान हे अवाढव्य क्षेत्र आणि राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यातले मंगला या ठिकाणी तो आहे वालुकाश्म, म्हणजे वाळूचा घट्ट झालेला दगड. या लेखात वालुकाश्माचाच विचार करायचा आहे आणि उदाहरण म्हणून मंगलाकडे पुन्हा पुन्हा वळायचे आहे. जानेवारी २००४ मध्ये सापडलेल्या आणि ऑगस्ट २००९ पासून उत्पादन देणाऱ्या या क्षेत्राचा खडक भारतातल्या उत्तम तेलधारक खडकांपैकी एक आहे. तो उत्तम का, हे समजले की बाकीचे खडक का अडवणूक करतात तेही आपोआप समजते.

वाळू कशाची बनलेली असते

भूवैज्ञानिकांच्या हिशेबी वाळू हे खनिजाचे नाव नाही, ते मापाचे नाव आहे. १९२२ साली वेंटवर्थ यांनी रूढ केलेल्या मोजपट्टीनुसार एक सोळांश मिलिमीटर ते २ मिलिमीटर या दरम्यानचा कोणताही कण वाळूत मोडतो, मग तो कशाचाही असो. प्रत्यक्षात मात्र वालुकाश्मातले बहुतेक कण तीन घराण्यांतले असतात: क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि जुन्या खडकांचे तुकडे.

क्वार्ट्झ म्हणजे आपल्या ओळखीची गारगोटी ज्या खनिजाची असते ते. त्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांखेरीज काही नसते, त्याचा काठिण्यांक दहापैकी ७ असतो, ठरावीक पातळ्यांवर फुटण्याची त्याला सवय नसते आणि पावसापाण्याने ते फारसे कुजत नाही. फेल्डस्पारही तसे कठीण, काठिण्यांक ६. परंतु त्यात ॲल्युमिनियमच्या जोडीला पोटॅशियम, सोडियम किंवा कॅल्शियम असते, ते ठरलेल्या पातळ्यांवर चिरफळते आणि ओलाव्यात हळूहळू चिकणमातीत रूपांतरित होते. खडकांच्या तुकड्यांचे भवितव्य ते कोणत्या खडकाचे आहेत यावर ठरते. म्हणून डोंगरापासून वाळू जितकी दूर वाहत जाते, जितक्या वेळा साचते, उचलली जाते आणि पुन्हा साचते, तितके तिच्यातले कच्चे घटक गळत जातात आणि क्वार्ट्झचे प्रमाण वाढत जाते. अशा मुरलेल्या वाळूला 'परिपक्व' म्हणण्याची पद्धत आहे. फेल्डस्पार पाव हिश्श्यापेक्षा जास्त उरला असेल तर त्या वालुकाश्माला आर्कोज म्हणतात, आणि तो पाहिला की उगमाचा ग्रॅनाइटी डोंगर फार दूर नव्हता किंवा हवामान कोरडे होते, असा अंदाज बांधता येतो.

हा फरक पाहायला राजस्थानात जाण्याची गरज नाही. कृष्णा किंवा भीमेच्या वरच्या खोऱ्यातली वाळू ओंजळीत घेतली तर ती काळपट दिसते, कारण ती बेसाल्ट या काळ्या कातळाची चुरी असते आणि बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतेच. नागपूरकडच्या कन्हान नदीची वाळू पिवळसर-पांढरी आणि चमकदार असते, कारण ती नदी क्वार्ट्झ व फेल्डस्पार यांनी समृद्ध असलेल्या जुन्या खडकांतून येते. बांधकामाच्या ठेकेदाराला हा फरक हाताच्या स्पर्शाने कळतो. या दोन्ही वाळू उद्या दोन किलोमीटर खोल गाडल्या गेल्या तर तेल साठवण्याच्या कामी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडेल. तो का, ते पुढे येईलच.

मंगलाचा तेलधारक खडक फतेहगढ नावाच्या खडकसमूहातला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे, म्हणजे इकडे दख्खनचे लाव्हारस वाहत होते त्याच सुमारास, बाडमेरच्या खचत्या खोऱ्यात नद्यांनी टाकलेली ही वाळू आहे आणि तिच्यात क्वार्ट्झचे वर्चस्व आहे.

कणांची मांडणी: खडकाचे वयन

खनिजे म्हणजे खडकाचा माल; तो माल कोणत्या मापाचा आहे, किती गोलसर आहे आणि कसा रचला आहे याला वयन म्हणतात. माल आणि मांडणी यांतून दोन गुण ठरतात. एक सच्छिद्रता, म्हणजे खडकाच्या एकूण आकारमानात रिकामी जागा किती टक्के. दुसरा पार्यता, म्हणजे त्या रिकाम्या जागांतून द्रव किती सहज वाहू शकतो. बातम्यांमध्ये आणि पाठ्यपुस्तकांतही पहिल्या गुणाला अवाजवी मान मिळतो. माझ्या मते तेलक्षेत्राचे नशीब दुसऱ्या गुणाकडे असते.

स्वयंपाकघरात दोन सारखे डबे घ्या. एक कोरड्या हरभऱ्यांनी भरा, दुसरा मोहरीने. कोणत्या डब्यात जास्त पाणी मावेल, असे विचारले तर बहुतेक जण हरभऱ्याचे नाव घेतील, कारण त्यातल्या फटी मोठ्या दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींत जवळपास सारखेच मावेल. मोहरीतल्या फटी लहान असतात, पण त्यांची संख्या प्रचंड असते. एकाच मापाचे गोल अगदी सैल, चौकटीत रचले तर ४७.६ टक्के जागा रिकामी राहते आणि शक्य तितके घट्ट रचले तर सुमारे २६ टक्के. यात गोलाचे माप कोठेच येत नाही. आता हरभऱ्याच्या डब्यात मोहरी ओतून हलवा. मोहरी फटींत शिरते आणि पाण्याची जागा कमी होते. कणांचे माप एकसारखे असण्याला प्रतवारी म्हणतात, आणि हरभरा-मोहरीच्या मिश्रणासारखी प्रतवारी बिघडलेला खडक कमी सच्छिद्र असतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या लाटा आणि वाळवंटातला वारा वाळू चांगली निवडतात, तर पुराचा लोंढा वाळू, माती आणि गोटे एकत्रच टाकून मोकळा होतो.

आता पाणी मावण्याचा प्रश्न सोडून वाहण्याचा प्रश्न घ्या. दोन्ही डब्यांच्या तळाला भोके पाडून वरून गोडेतेल ओतले तर हरभऱ्यातून ते भरभर खाली येईल आणि मोहरीत रेंगाळेल. फट आणि फट यांना जोडणारा जो अरुंद भाग असतो त्याला गळा म्हणू. कणाचा व्यास निम्मा झाला की गळेही त्याच प्रमाणात अरुंद होतात आणि बाकी सर्व समान असेल तर पार्यता निम्मी न होता सुमारे एक चतुर्थांश होते, कारण ती व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. सच्छिद्रता तीच, रिकामी जागा तीच, आणि तरी एका खडकातून तेल धावते, दुसऱ्यातून ठिबकते.

पार्यता मोजण्याचे एकक डार्सी हे आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा पाणीपुरवठा पाहणाऱ्या आँरी डार्सी या अभियंत्याने वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यांतून पाणी सोडून त्याच्या वहनाचा नियम शोधला आणि तो १८५६ साली प्रसिद्ध केला. कामाचे बरेचसे तेलधारक खडक डार्सीच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिडार्सीत मोजावे लागतात. शंभर-दोनशे मिलिडार्सी म्हणजे चांगला खडक. मंगलाच्या वालुकाश्माची सच्छिद्रता सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे चांगली पण जगावेगळी नव्हे. त्याची पार्यता मात्र सरासरी सुमारे ५ डार्सी आहे आणि काही थरांत ती याहून कितीतरी जास्त भरते. तिथले खरे वैभव हे आहे, आणि तिथे त्याची गरजही होती, कारण मंगलाचे तेल मेणयुक्त आहे. खडकाच्या सुमारे ६५ अंश सेल्सिअस तापमानाला ते वाहते, पण पृष्ठभागावर थंड झाले की गोठते. ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत नेण्यासाठी सुमारे ६७० किलोमीटर लांबीची, सतत तापवत ठेवावी लागणारी नळवाहिनी टाकावी लागली. असे दाट तेल अरुंद गळ्यांच्या खडकात असते तर ते बरेचसे तिथेच राहिले असते.

वयनात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे वाळूच्या थरांची एकमेकांशी जोडणी. फतेहगढच्या खालच्या भागातली वाळू पसरट पुरांनी आणि अनेक फाटे फुटलेल्या, वेण्यांसारख्या गुंफलेल्या नद्यांनी टाकलेली आहे, त्यामुळे ती रुंद आणि एकमेकींना चिकटलेली आहे. वरच्या भागात नागमोडी नद्यांची वाळू आहे. ती चिखलाच्या मैदानातून गेलेल्या एकेकट्या पात्रांत साठलेली असल्याने तिचे पट्टे परस्परांपासून तुटलेले असू शकतात. शिवाय नागमोडी पात्रातली वाळू तळाशी भरड आणि वर बारीक होत जाते. परिणामी तेल ढकलण्यासाठी विहिरीतून सोडलेले पाणी तळाच्या भरड थरातून पुढे पळते आणि वरच्या बारीक वाळूतले तेल मागे राहते.

गाडले गेल्यावर काय होते

नुकत्याच साचलेल्या, चांगली प्रतवारी झालेल्या वाळूत सुमारे ४० टक्के जागा रिकामी असते. तेलधारक वालुकाश्मात ती १० ते ३० टक्क्यांवर आलेली असते. मधली जागा गेली कुठे, याची दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर दाबाचे. वर शेकडो मीटर गाळ साचला की खालचे कण सरकून एकमेकांच्या फटींत बसतात. क्वार्ट्झचे कण कोरड्या हरभऱ्यांसारखे कडक असल्यामुळे ते एका मर्यादेपलीकडे दबत नाहीत. पण तेच हरभरे रात्रभर भिजवून वरून वजन ठेवले तर ते चेपून एकमेकांत मिसळतील आणि फट नावाला उरणार नाही. शेल (घट्ट झालेल्या चिखलाचा पापुद्र्यांचा दगड), मऊ स्लेट किंवा कुजलेला लाव्हा यांचे तुकडे खडकात असले की नेमके हेच होते. कृष्णेची काळी वाळू इथे मार खाते: बेसाल्टचे कण पाण्याच्या संगतीत चिकणमाती आणि झिओलाइट यांसारख्या खनिजांत बदलतात, मऊ पडतात आणि फटी बुजतात.

दुसरे उत्तर संयोजकाचे. खडकातल्या पाण्यात विरघळलेली द्रव्ये फटींत स्फटिकरूपाने साचून कणांना जोडतात. या जोडणाऱ्या पदार्थाला संयोजक म्हणतात. वाळूचा दगड होतो तो याच्यामुळे, आणि दगडाची तेल साठवण्याची जागा जाते तीही याच्यामुळे. कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडकातल्या खनिजाचा, संयोजक उथळ खोलीवरही साचू शकतो आणि कधी कधी संपूर्ण थर बंद करून टाकतो. क्वार्ट्झचा संयोजक मात्र उष्णता मागतो. साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या वर, लाखो-कोट्यवधी वर्षांच्या सावकाशीने, क्वार्ट्झच्या कणावर क्वार्ट्झचाच नवा थर चढत जातो. मंगलाचा खडक जेमतेम एक किलोमीटरच्या आसपास खोल आहे आणि त्याचे तापमान या उंबरठ्याच्या खालीच आहे. उत्तम वाळू आणि फारसे न गाडले जाणे, असा दुहेरी योग तिथे जुळून आला आहे.

सगळी रसायनक्रिया नुकसानीचीच असते असे नाही. फेल्डस्पारचा कण विरघळला तर त्याच्या जागी पोकळी उरते आणि थोडी सच्छिद्रता परत मिळते. अर्थात विरघळलेले द्रव्य बहुधा शेजारच्याच फटीत केओलिनाइट या चिकणमातीच्या रूपाने बसते, त्यामुळे हा नफा कागदावर दिसतो तेवढा हातात पडत नाही.

चिकणमाती किती आहे यापेक्षा ती कुठे बसली आहे

वालुकाश्माच्या अभ्यासातला सर्वांत रोचक भाग हा आहे. चिकणमाती म्हटली की आपल्याला एकच चिखल आठवतो, पण ती अनेक खनिजांची जात आहे आणि त्यांतली चार तेलाच्या कामात कायम भेटतात. चौघांचे स्वभाव वेगळे आहेत.

केओलिनाइट षट्कोनी पापुद्र्यांच्या चळती करून फटीच्या मध्यभागी बसते. ते जागा अडवते, पण त्याहून मोठा उपद्रव असा की विहिरीतून उपसा वेगाने सुरू झाला की या चळती सुटतात, प्रवाहाबरोबर वाहतात आणि पुढच्या गळ्यात अडकतात. चालू विहिरीचे उत्पादन काही महिन्यांत घटू लागले तर अभियंत्यांच्या संशयितांच्या यादीत हे नाव वर असते.

स्मेक्टाइट गोड पाण्याने फुगते. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या कापसाच्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात, त्यामागे हेच खनिज आहे. खडकाच्या गळ्यात ते असेल आणि वरून गोडे पाणी सोडले तर भेगा मिटाव्यात तसे गळे मिटतात. म्हणून खडकात सोडायच्या पाण्याचा खारटपणा तपासावा लागतो आणि पुष्कळदा त्यात पोटॅशियम क्लोराइडसारखे मीठ मिसळावे लागते. मंगलामध्ये खाली सोडण्यासाठी थुंबली इथले खारे भूजल वापरले गेले. वाळवंटात पिण्याजोग्या पाण्याला हात न लावण्याचा शहाणपणा त्यात आहेच, पण चिकणमातीच्या दृष्टीनेही खारे पाणी सोयीचे असते.

इलाइट तर वजनावर दिसतही नाही. ते बारीक तंतूंच्या रूपाने कणाच्या कडेपासून फटीत वाढते आणि गळ्यात जाळे विणते. सच्छिद्रता जवळपास तेवढीच राहते, पार्यता मात्र कोसळते. उत्तर समुद्रातल्या मॅग्नस तेलक्षेत्राच्या खडकाने याबाबत मोठा धडा दिला. तिथल्या खडकाचे नमुने प्रयोगशाळेत नेहमीप्रमाणे हवेत वाळवले गेले तेव्हा हे तंतू पाणी आटताना आडवे होऊन कणांना चिकटले, गळे मोकळे झाले आणि पार्यता प्रत्यक्षापेक्षा कितीतरी पटींनी जास्त मोजली गेली. तंतू उभे राहतील अशा विशेष पद्धतीने नमुने वाळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर जाळे दिसले. दगड तोच, वाळवण्याची रीत बदलली आणि उत्तर बदलले.

क्लोराइटची गोष्ट उलटी आहे. ते कणांभोवती अखंड पातळ लेप करते, आणि त्या लेपामुळे नव्या क्वार्ट्झला चिकटायला उघडा पृष्ठभागच मिळत नाही. नॉर्वेच्या समुद्रात चार किलोमीटरहून अधिक खोलीवरचे काही वालुकाश्म या लेपामुळे आश्चर्य वाटावे इतके सच्छिद्र राहिले आहेत. एरवी ज्या चिकणमातीला नावे ठेवली जातात तिनेच इथे साठा राखला. मात्र क्लोराइटमध्ये लोह असते. विहीर साफ करण्यासाठी आम्ल सोडले तर ते लोह मोकळे होऊन पुढे चिकट साक्याच्या रूपात गळ्यांत बसू शकते. कोणत्या विहिरीला कोणते औषध द्यायचे हे असे खनिजांवरून ठरते.

हे सगळे कळते कसे

विहीर खणताना मधूनमधून पोकळ पात्याने खडकाचा अखंड दंडगोल कापून वर काढतात. त्याला कोअर म्हणतात. त्याचा छोटा तुकडा घेऊन त्याच्या फटींत निळ्या रंगाची राळ भरतात, तो काचेवर चिकटवतात आणि घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात. इतका पातळ दगड पारदर्शक होतो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की निळा भाग म्हणजे रिकामी जागा, हे पहिल्या नजरेत कळते. ध्रुवित प्रकाशात काच फिरवली की क्वार्ट्झचे कण राखाडी, पांढरे आणि काळे होत उघडझाप करतात, एका जातीच्या फेल्डस्पारवर सरळ पट्टे दिसतात, दुसऱ्या जातीवर चौकडीची नक्षी दिसते. क्वार्ट्झच्या कणावर नवे क्वार्ट्झ चढले असेल तर दोन्ही एकाच वेळी काळे होतात, कारण स्फटिकाची दिशा एकच असते. फक्त जुन्या गोलसर कडेवर अडकलेल्या धुळीची पुसट रेघ मध्ये दिसते. कण मुळात किती गोल होता आणि नंतर किती वाढला, याचा सगळा दाखला त्या एका रेघेत असतो.

कोअर काढणे महागाचे असते, म्हणून बहुतेक विहिरींत उपकरणे सोडून मोजमापे घेतात. त्यांना लॉग म्हणतात. इथेही खनिजे ठाऊक नसतील तर फसगत ठरलेली. उदाहरणार्थ, नैसर्गिक गॅमा किरणे मोजणारा लॉग पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियम यांच्यावर चालतो. ही मूलद्रव्ये शेलमध्ये जास्त असल्याने जास्त किरणे म्हणजे शेल, कमी म्हणजे वाळू, असा ढोबळ नियम आहे. आर्कोजमध्ये पोटॅशियमयुक्त फेल्डस्पार भरपूर असतो, त्यामुळे चांगला तेलधारक थर लॉगवर शेलच्या वेशात येतो आणि बेसावध वाचणारा त्याला टाकून पुढे जातो.

घनतेच्या लॉगचेही तसेच. समजा, खडकाची घनता पाण्याच्या २.३० पट मोजली गेली आणि फटींत पाणी आहे. कण क्वार्ट्झचे, म्हणजे २.६५ घनतेचे धरले तर सच्छिद्रता २१ टक्के येते. कॅल्साइटचे, म्हणजे २.७१ चे धरले तर २४ टक्के. वाचन एकच, पण तीन टक्क्यांच्या या फरकाने साठ्याचा अंदाज सातव्या हिश्श्याने फुगतो. बातमीतला बॅरलचा आकडा अशा गृहीतकांवर उभा असतो.

पण मग सगळे तेल का काढता येत नाही?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्यामागे तंत्रज्ञान कमी पडत असावे किंवा कंपन्या काही लपवत असाव्यात, अशी शंका असते. मुख्य कारण गळ्यांत आहे. चांगल्या वालुकाश्मात फटीची रुंदी काही दशक ते शेकडा मायक्रॉन आणि गळ्याची बरीच कमी असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. क्वार्ट्झच्या पृष्ठभागाला पाणी धरून ठेवायला आवडते, त्यामुळे तेल येण्यापूर्वीपासून कणांवर पाण्याची पातळ साय असते आणि तेल फटीच्या मध्यभागी राहते. पाणी सोडून तेल ढकलू लागलो की गळ्यापाशी ही साय जाड होत जाते आणि एका क्षणी तेलाची धार तुटते. मागे राहिलेला थेंब फटीत एकटा अडकतो. त्याला गळ्यातून बाहेर काढायला जितका दाब लागतो तितका साध्या पाण्याच्या प्रवाहात नसतो. अशा अब्जावधी थेंबांची बेरीज म्हणजे न निघणारे तेल. त्यात पाण्याने वळसा घालून सोडून दिलेले बारीक वाळूचे थर मिळवले की जगभरात सरासरी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच तेल का निघते, याचा उलगडा होतो.

मंगलामध्ये पाणी गरम करून सोडण्यात आले, कारण थंड पाण्याने खडकातच मेण धरले असते. पुढे २०१४-१५ पासून पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट करण्यास सुरुवात झाली. पातळ पाणी दाट तेलाला ढकलण्याऐवजी त्यातून वाट काढून पळते. दाट केलेले पाणी भरड थरातून पळण्याऐवजी आडवे पसरते आणि मागे राहिलेल्या वाळूतही शिरते. हे जमले, कारण पॉलिमरचे लांबलचक रेणू मंगलाच्या रुंद गळ्यांतून जाऊ शकतात. काही मिलिडार्सीच्या खडकात तेच रेणू तोंडाशीच अडकतील.

सह्याद्रीच्या एवढ्या कातळात तेल का नाही?

बेसाल्ट हा वितळलेल्या रसाचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतून बनतो. त्यात कण आणि कण यांच्यामधली फट मुळातच नसते. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे असतात, पण ते सुटे असतात आणि बहुधा नंतरच्या खनिजांनी भरलेले असतात. शिवाय तेल तयार होण्यासाठी सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा शेलसारखा खडक जवळ असावा लागतो. तरीही अपवाद आहेत. गुजरातमधल्या पादरा इथे भेगाळलेल्या आणि झिजलेल्या दख्खनच्या बेसाल्टमधून तेल मिळाले आहे, कारण शेजारच्या गाळाच्या खडकातले तेल तिथे शिरले. त्यामुळे कातळात तेल कधीच नसते असे म्हणता येत नाही; जोडलेल्या फटी आणि तेलाचा पुरवठा दोन्ही असतील तिथे ते राहू शकते.

चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात वालुकाश्म भरपूर आहे, तिथे का नाही, असेही कोणी विचारील. बराकार समूहाच्या त्या वालुकाश्मात फेल्डस्पार बरेच आहे आणि ते जागोजागी पांढऱ्या केओलिनाइटमध्ये बदललेले आहे. खाणीच्या कडेला पडलेला ढेकूळ बोटांनी चुरला तर ती पांढरी पूड हाताला लागते. वर सांगितलेली फेल्डस्पारची कथा इथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. तेल नसण्याचे कारण मात्र केवळ धारक खडक नव्हे. तेल तयार करणारा खडक, ते धरून ठेवणारे झाकण आणि थरांना पडलेली योग्य घडी, हे सर्व एकत्र जुळावे लागते.

सच्छिद्रता जास्त तर खडक चांगला, हे तरी खरे ना?

याचे उत्तर मंगलाच्या परिसरातच आहे. फतेहगढच्या वालुकाश्मावर बाडमेर हिल नावाचा खडकसमूह आहे. त्यातल्या काही थरांचे द्रव्य क्वार्ट्झसारखेच सिलिकेचे आहे, पण ते वाळूच्या कणांचे नाही. डायटम नावाच्या सूक्ष्म पाणवनस्पतींच्या कवचांपासून ते आले आहे. त्याची सच्छिद्रता फतेहगढच्या बरोबरीची आणि कित्येक ठिकाणी तिच्याहून जास्त आहे. त्यात तेलही आहे. पण कवचे इतकी बारीक, आणि म्हणून गळे इतके अरुंद, की पार्यता एखाद्या मिलिडार्सीच्या घरात आहे, म्हणजे खालच्या वालुकाश्माहून काही हजार पटींनी कमी. फतेहगढमध्ये विहीर खणली की तेल स्वतःहून विहिरीकडे येते. बाडमेर हिलमध्ये प्रचंड दाबाने द्रव घुसवून खडकाला भेगा पाडाव्या लागतात आणि त्या मिटू नयेत म्हणून त्यांत टेकूसारखे कडक कण भरावे लागतात. भारतातल्या एका उत्तम तेलक्षेत्राच्या डोक्यावर, त्याच्याइतकाच पोकळ असलेला हा खडक वर्षानुवर्षे जवळपास तसाच राहिला तो यामुळे.